सौरव घोषालची निवृत्ती आणि दोन पदकांच्या मधली वर्षं

पावसाळी_दुपार | २४ एप्रिल २०२४

परवा स्क्वॉशपटू सौरव घोषालनं पीएसए टूरवरून (व्यावसायिक स्क्वॉशच्या जागतिक मालिकेतून) निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात छोटी चौकट होती. आशियाई स्पर्धेत अमुक पदकं, राष्ट्रकुलमध्ये तमुक, अर्जुन पुरस्कार. सगळं खरं आहे. पण ती चौकट वाचून या माणसानं वीस वर्षांहून जास्त काळ नेमकं काय केलं याचा पत्ता लागत नाही. मला या खेळाचं वेड आहे आणि घोषालचे सामने मी मिळतील तिथून बघत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आशियाई स्पर्धा चार वर्षांनी येते. दोह्यात २००६ साली त्याला एकेरीत ब्राँझ मिळालं तेव्हा बातमी झाली. पुढची बातमी २०१० ची, ग्वांगझू. मग २०१४, मग २०१८. मधल्या वर्षांत तो कुठे होता? तो टूरवर होता. म्हणजे ज्या गावांची नावं आपण ऐकलेली नसतात तिथे, दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या हॉटेलात, पहिल्याच फेरीत कुणा इजिप्शियन पोराशी खेळत. व्यावसायिक स्क्वॉशपटूचं करिअर हेच असतं. पदक ही त्यातली सुट्टीतली गोष्ट.

थोडं मागून सांगतो. जन्म कोलकात्याचा, ऑगस्ट १९८६. सुरुवात कॅलकटा रॅकेट क्लबात. तिथून तो चेन्नईच्या स्क्वॉश अकादमीत गेला, मेजर मणियम आणि सायरस पोंचा यांच्याकडे. २००४ मध्ये शेफील्डला ब्रिटिश ज्युनियर ओपनचं १९ वर्षांखालचं विजेतेपद. इथपर्यंत आपल्याकडे बरेच जण पोचतात, आणि इथेच बरेच जण थांबतात. ज्युनियर गटात चमकलेला मुलगा सीनियर टूरवर आला की पहिली दोन-तीन वर्षं नुसता मार खातो. समोरचा पंचविशीतला, पायांत ताकद असलेला, आणि त्याला पन्नास रॅलींनंतरही घाई नसते.

घोषाल इंग्लंडला गेला. लीड्स विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि सरावाला जवळच्या पाँटिफ्रॅक्ट गावात जायला लागला. पाँटिफ्रॅक्ट हे यॉर्कशायरमधलं छोटं गाव. पण तिथल्या क्लबात माल्कम विल्स्ट्रॉप नावाचे गुरुजी होते, आणि त्यांच्या हाताखाली ली बीचिल आणि त्यांचाच मुलगा जेम्स विल्स्ट्रॉप हे दोघे जगात पहिल्या क्रमांकावर पोचले. अशा माणसांसोबत रोज कोर्टवर उतरायचं. तुम्ही मारलेला चांगला ड्रॉप (समोरच्या भिंतीपाशी हळूच टाकलेला चेंडू) तिथे कुणालाच चांगला वाटत नाही, कारण तो परत येतो. घोषालच्या खेळातली शिस्त तिथली आहे: आधी चेंडू बाजूच्या भिंतीला चिकटून मागच्या कोपऱ्यात, परत मागच्या कोपऱ्यात, पुन्हा तिथेच, आणि समोरच्याचं पाऊल जरा जड पडलं की मगच पुढे.

आता क्रमवारीबद्दल. स्क्वॉशमध्ये मागच्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धांचे गुण धरतात. म्हणजे गेल्या मार्चमध्ये तुम्ही उपांत्य फेरी गाठली असेल, तर या मार्चमध्ये ते गुण गळून पडतात. तेवढेच पुन्हा कमावले तर तुम्ही जागच्या जागी राहता. आजारी पडलात, पायात गोळा आला, व्हिसा उशिरा मिळाला, की खाली. क्रमवारी घसरली की मानांकन जातं, मानांकन गेलं की पहिल्या-दुसऱ्या फेरीतच अव्वल चौघांपैकी कुणीतरी समोर येतो, आणि मग गुण आणखी कमी. एकदा या उतारावर लागलेला खेळाडू परत वर येणं फार अवघड असतं.

घोषाल २०१३ मध्ये जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तिथवर जाणारा पहिला भारतीय. वय २७. सगळ्यांना वाटलं आता पहिल्या दहात येतोच. तो आला एप्रिल २०१९ मध्ये! वय ३२. आदल्याच महिन्यात शिकागोच्या युनियन स्टेशनात काचेचं कोर्ट उभारून जागतिक स्पर्धा झाली होती. एकूण बक्षीस दहा लाख डॉलर, स्क्वॉशमध्ये पहिल्यांदाच एवढी रक्कम, पुरुष-महिलांना समान. तिथे त्यानं पुन्हा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि नंतर दहावा क्रमांक मिळाला. पहिल्या दहात येणारा पहिला भारतीय पुरुष.

मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम हे वाटतं. सोनं नव्हे, चंदेरी पदक नव्हे. दाराशी पोचल्यानंतर ते उघडायला साडेपाच वर्षं लागली, आणि त्या साडेपाच वर्षांत त्यानं पहिल्या वीस-तीसमधली जागा सोडली नाही.

त्याच मधल्या काळात इंचॉन झालं. २०१४ ची आशियाई एकेरीची अंतिम लढत, समोर कुवेतचा अब्दुल्ला अल-मुझायेन. पहिला गेम १२-१०, दुसरा ११-२. तिसऱ्यात मॅचबॉल, म्हणजे सामना संपवायचा गुण, हातात. तो गेला, गेम १२-१४ गेला, मग ८-११, मग ९-११. ज्यांनी ती लढत पाहिली असेल त्यांना आठवत असेल, तिसऱ्या गेमनंतर घोषालचे पाय तेवढेच पळत होते, पण चेंडू अर्धा फूट आखूड पडायला लागला होता. स्क्वॉशमध्ये अर्धा फूट म्हणजे सगळं. मागच्या भिंतीपाशी मरणारा चेंडू अर्धा फूट आधी टप्पा खाल्ला की उसळून समोरच्याच्या रॅकेटसमोर येतो. त्यानंतर काहीच दिवसांत सांघिक अंतिम सामना मलेशियाशी. हरिंदरपाल संधूनं पहिला सामना जिंकला आणि घोषालनं ओंग बेंग हीला पाच गेममध्ये हरवून सुवर्ण आणलं. पाचवा गेम ११-९. त्याच आठवड्यात त्याच कोर्टवर पाचवा गेम ९-११ हरलेल्या माणसानं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये मलेशियन ओपन, अंतिम फेरीत कोलंबियाचा मिगेल रॉड्रिगेझ. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं एकेरी ब्राँझ, भारताला स्क्वॉश एकेरीत मिळालेलं पहिलं. समोर कोण? जेम्स विल्स्ट्रॉप. ज्याच्यासोबत पाँटिफ्रॅक्टला इतकी वर्षं घाम गाळला तोच. ११-६, ११-१, ११-४. सामना संपल्यावर घोषाल कोर्टवरच रडला.

आणि ऑलिंपिक? गेल्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईतच ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं आणि लॉस एंजेलिस २०२८ साठी स्क्वॉशला मंजुरी मिळाली. ज्या खेळाला आधी इतक्यांदा नकार मिळाला त्याला शेवटी होकार मिळाला तेव्हा घोषाल ३७ वर्षांचा होता. टूर सोडली तरी भारतासाठी अजून थोडं खेळायची इच्छा असल्याचं त्यानं म्हटलंय. पण २०२८ च्या जुलैत तो ४२ व्या वर्षाला टेकलेला असेल. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ज्यांनी स्क्वॉश खेळलंय, पाहिलंय, मुलांना खेळवलंय त्यांनी जरूर लिहा.

---

रानपाखरू | २४ एप्रिल

सुंदर लेख. स्क्वॉशमधलं मला शून्य कळतं, पण तो अर्धा फूट कळला.

---

टिन_सतरा_इंच | २४ एप्रिल

फार चांगलं लिहिलंय. हांगझूच्या आशियाई स्पर्धेबद्दल थोडी भर घालतो, कारण पेपरांनी फक्त "पाकिस्तानला हरवून सुवर्ण" एवढंच छापलं.

गटातल्या सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला हरवलं होतं. ३० सप्टेंबर २०२३ ला अंतिम फेरीत पुन्हा तेच. पहिला सामना आपल्या मुंबईच्या महेश माणगावकरचा, तो नासिर इक्बालकडून हरला. म्हणजे ०-१. आता घोषाल हरला तर खेळ खलास. त्यानं आसिम खानला ११-५, ११-१, ११-३ असं उडवलं. ३७ वर्षांचा माणूस, दडपणाखाली, आणि त्याचा एकही चेंडू टिनला (समोरच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिथे लागला की गुण गेला) लागेल असं वाटत नव्हतं. त्यानंतर अभय सिंग विरुद्ध नूर झमान. पाचव्या गेममध्ये ८-१०, दोन मॅचबॉल पाकिस्तानकडे, आणि अभयनं १२-१० असा गेम काढला. उत्सव अभयचा झाला, व्हायलाच हवा होता. पण घोषालनं तो सामना न गुंतता संपवला नसता तर अभयला कोर्टवर उतरायची संधीच मिळाली नसती.

आणि हो, महेशबद्दल मराठी माणसांनी तरी जास्त बोलायला हवं. इंचॉन २०१४ आणि हांगझू, दोन्ही सुवर्णसंघांत तो होता.

---

अभिजित_कोथरूड | २४ एप्रिल

लेख आवडला. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हा जिमखान्यांचा खेळ आहे. पुण्या-मुंबईत कोर्टं कुठे आहेत? क्लबात, मोठ्या सोसायट्यांत, पंचतारांकित हॉटेलांत. सभासदत्वासाठी लाखो रुपये आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. माझ्या गावाकडची पोरं कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळतात, धावतात. त्यांना या खेळाचं दार कधी उघडणार? अशा खेळातल्या माणसाच्या कष्टांचं कौतुक करताना तो कुठून सुरू झाला हेही मांडायला हवं.

---

जुना_जिमखाना | २५ एप्रिल

अभिजितराव, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि तरीही या खेळाचा मुंबईतला इतिहास तुम्ही म्हणता त्याच्या उलट बाजूनंही सांगता येतो. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

क्लबात स्क्वॉश खेळायचे साहेब. पण त्यांना खेळायला शिकवायचे, चेंडू द्यायचे, जोडीदार नसेल तर सोबत खेळायचे ते मार्कर. पगार तुटपुंजा, सभासदांच्या जेवणघरात प्रवेश नाही. आणि खेळ? सभासदांपैकी कुणालाही झोपेत हरवतील असा. फाळणीआधी १९४४ मध्ये मुंबईत अखिल भारतीय व्यावसायिक स्पर्धा झाली. पेशावरकडून हाशिम खान नावाचा मार्कर आला आणि जिंकून गेला. पुढची दोन वर्षंही तोच. त्याच्यासमोर असायचा अब्दुल बारी, चर्चगेटच्या आपल्या सीसीआयचा, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचा. फाळणीनंतर बारी मुंबईतच राहिला. १९५० मध्ये तो ब्रिटिश ओपनला गेला, आणि अंतिम फेरीपर्यंत पोचला! इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ही बातमी हाशिम खानच्या कानावर गेली. ज्याला आपण मुंबईत हरवायचो तो विलायतेत अंतिम फेरीत पोचतो, मग आपण काय करू? त्यानं खटपट करून पाकिस्तानी हवाई दलाला राजी केलं आणि १९५१ मध्ये इंग्लंडला गेला. अंतिम फेरीत त्याच करीमला ९-५, ९-०, ९-० हरवलं. वय पस्तिशीच्या पुढे. तिथून पाकिस्तानी खानांचं राज्य सुरू झालं ते जहांगीर आणि जानशेरपर्यंत.

म्हणजे त्या राज्याची ठिणगी पडली ती चर्चगेटच्या एका मार्करच्या पराभवामुळे. अब्दुल बारीचं नाव आज मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? हे व्यावसायिक होते, साहेबांच्या भाषेत "प्रोफेशनल", आणि त्या काळी तो शब्द खालच्या दर्जाचा मानत. हौशी साहेब वरचा, पैशासाठी खेळणारा खालचा.

---

पावसाळी_दुपार | २५ एप्रिल

काका, हे लिहिल्याबद्दल किती आभार मानू. अजून लिहा.

अभिजित, मुद्दा शंभर टक्के मान्य. घोषाल श्रीमंत नसला तरी क्लबातल्या मुलांपैकी होता. चेन्नईच्या नेहरू पार्कातली अकादमी उभी राहिली म्हणून कोलकात्याचा सौरव, चेन्नईची जोश्ना चिनप्पा, दीपिका पल्लिकल असे सगळे एका छताखाली आले आणि चेन्नई या खेळाची राजधानी झाली. तशी एक जागा महाराष्ट्रात सरकारनं उभी केली तर तुमच्या गावची पोरंही येतील. कोर्ट म्हणजे चार भिंती, ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद लाकडी जमीन. क्रिकेटच्या मैदानाच्या मानानं ही जागा म्हणजे काहीच नाही.

पण टूरवर गेल्यावर मात्र क्लबाची श्रीमंती कामाला येत नाही. चॅलेंजर टूरच्या सगळ्यात खालच्या पायरीला "चॅलेंजर ३" म्हणतात. ३ म्हणजे सगळ्या खेळाडूंत मिळून ३,००० डॉलर. विजेत्याच्या हाती त्यातले काही शे डॉलर येतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती चहापाण्याचे. विमानाचं तिकीट स्वतःचं. राहायला बऱ्याचदा तिथल्या क्लबाच्या एखाद्या सभासदाच्या घरी खोली मिळते. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात स्वतःची खिचडी लावून झोपणारे भारतीय खेळाडू आहेत. पहिल्या पन्नासात येईपर्यंत बहुतेकांचा खर्च बक्षिसातून निघत नाही. तो निघतो युरोपातल्या लीगमधून. जर्मनी, फ्रान्स, हॉलंड, इंग्लंडमधले क्लब सामन्यामागे ठरलेले पैसे देतात. शुक्रवारी रात्री एका देशात लीगचा सामना, सोमवारी दुसऱ्या देशात पात्रता फेरी.

---

सुनेत्रा_ठाणे | २६ एप्रिल

सगळा धागा एका दमात वाचला, कारण आमच्या घरात सध्या हाच विषय आहे. मुलगी पंधरा वर्षांची, राज्य पातळीवर खेळते, राष्ट्रीय स्पर्धांत मुख्य फेरीत पोचते. तिला व्यावसायिक व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात अमेरिकेतल्या कॉलेजात स्क्वॉशच्या जोरावर प्रवेश मिळव आणि शीक.

आमची अडचण फार साधी आहे. आम्ही जिथे सराव करतो तिथे संध्याकाळी सहानंतर कोर्ट फक्त सभासदांसाठी. शाळेतून येईपर्यंत पाच वाजतात. एका तासात कपडे बदलून, चेंडू गरम करून खरा सराव अर्धा-पाऊण तास होतो. पावसाळ्यात भिंतींना घाम येतो आणि चेंडू भिंतीवरून घसरतो, जमीन निसरडी होते, मग कोर्टच बंद. जुलै-ऑगस्ट असेच जातात, आणि नेमक्या त्यानंतर स्पर्धा. तिच्याबरोबरीच्या चेन्नईच्या मुलींना ही अडचण नाही हे तिला दिसतं आणि ती रडते. काय करावं?

---

फिजिओ_मुग्धा | २६ एप्रिल

सुनेत्राताई, कोर्ट नसेल त्या महिन्यांत पायांवर काम करून घ्या. खरंच सांगते, स्क्वॉशची दुखणी मी रोज बघते. पुढच्या कोपऱ्यात लांब पाऊल टाकून खाली झुकायचं, तिथेच थांबायचं, आणि त्याच पायानं स्वतःला मागे ढकलून टी वर (कोर्टच्या मधोमध रेषा मिळतात त्या जागी) परतायचं. एका सामन्यात हे कितीतरी वेळा होतं. थांबण्याचा सगळा भार पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली आणि खुब्यावर येतो. ज्यांचे मांडीचे मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमकुवत त्यांचा गुडघा आत वळतो, आणि विशीतच दुखणं सुरू होतं. पंधराव्या वर्षी हाडं वाढत असतात, त्यामुळे वजनं उचलण्याआधी तिला एका पायावर नीट बसता-उठता येतंय का, आरशासमोर उभं करून बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा.

घोषाल ३७ व्या वर्षापर्यंत खेळू शकला याचं एक कारण मला त्याच्या चालण्यात दिसतं. तो पळताना आवाज होत नाही. जो खेळाडू कोर्टवर धपधप वाजतो त्याचे सांधे लवकर जातात.

---

कनेक्टिकटकर | २७ एप्रिल

सुनेत्राताई, इकडच्या बाजूनं सांगतो. माझी दोन्ही मुलं इथे शाळेत स्क्वॉश खेळली.

"कॉलेज की व्यावसायिक" यांतलं एकच पूर्वी निवडावं लागायचं, आता नाही. अली फरागनं हार्वर्डमधून इंजिनियरिंग केलं आणि मग तो जगात पहिला आला. आपला रमित टंडन कोलंबिया विद्यापीठात शिकला, न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक कंपनीत नोकरी केली आणि मग ती सोडून टूरवर गेला. जाकार्तात आशियाई ब्राँझ संघात होता. वेलावन सेंथिलकुमारही कोलंबियाचाच. आमच्या राज्यात हार्टफर्डला ट्रिनिटी नावाचं छोटं कॉलेज आहे. त्यांच्या संघानं १९९८ ते २०१२ सलग २५२ लढती जिंकल्या, आणि त्या संघांत भारतातून आलेली मुलं कायम असायची. इथे कोर्टं सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी, फिजिओ आहे, प्रशिक्षक आहे, आणि प्रवासाचा खर्च कॉलेज करतं.

पण एक धोका सांगतो. प्रवेशासाठी खेळणाऱ्या मुलांचा खेळ प्रवेशपत्र हाती पडलं की थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अठराव्या वर्षी रॅकेट कोपऱ्यात जाते. ज्यांना खेळायचंच आहे ती मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत चॅलेंजर स्पर्धा खेळतात आणि गुण जमवतात. मुलीला विचारा: प्रवेश मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तू काय करशील?

---

रेवा_दि | २७ एप्रिल

सगळे पुरुषांबद्दल बोलताय. मुलींचा रस्ता वेगळा आहे, सुनेत्राताईंना तो माहीत हवा.

दीपिका पल्लिकल २०१२ ते २०१५ राष्ट्रीय स्पर्धा खेळली नाही. का? तर महिलांचं बक्षीस पुरुषांपेक्षा कमी होतं. तेव्हा ती जगात पहिल्या दहात जाऊन आलेली, देशातली सगळ्यात वरची खेळाडू, आणि स्वतःच्या देशाच्या स्पर्धेपासून चार वर्षं लांब. बक्षीस समान झालं, २०१६ मध्ये ती आली आणि जिंकली. टूरवर यूएस ओपननं २०१३ मध्येच दोघांना समान रक्कम द्यायला सुरुवात केली होती. त्यानंतर दीपिकाला २०२१ मध्ये जुळी मुलं झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये ग्लासगोला तिनं जोश्नासोबत महिला दुहेरी आणि घोषालसोबत मिश्र दुहेरी अशी दोन जागतिक विजेतेपदं एकाच दिवशी घेतली. बाळंतपणानंतर वर्षाच्या आत!

आणि जोश्ना. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय विजेती. इजिप्तमधल्या एल गूनाला २०१८ मध्ये निकोल डेव्हिडला हरवलं, जी आठ वेळा जगज्जेती आहे. भुवनेश्वरी कुमारींचा सोळा राष्ट्रीय विजेतेपदांचा विक्रम मोडला. मुलीला हिचे सामने दाखवा. तिला रडण्याऐवजी राग आला तर फार बरं.

---

अभिजित_कोथरूड | २८ एप्रिल

रेवा, हे दीपिकाचं माहीत नव्हतं. चार वर्षं घरच्या स्पर्धेला न जाणं सोपं नाही. जिमखानाकाकांचं अब्दुल बारीवरचं लेखन मी वेगळं काढून ठेवलंय. माझा मुद्दा कायम आहे, पण आता तो घोषालवर नाही, कोर्टांच्या कुलपांवर आहे.

---

सुनेत्रा_ठाणे | २८ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. मुग्धा, आरशासमोर उभं केलं. डावा गुडघा आत जातोय. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कनेक्टिकटकर, तुमचा प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सकाळी सराव असेल ना." तिचे बाबा काही बोलले नाहीत.

---

टिन_सतरा_इंच | १५ डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय. काल चेन्नईत भारतानं स्क्वॉशचा विश्वचषक जिंकला! मॉलमध्ये काचेचं कोर्ट, आणि खरेदीच्या पिशव्या हातात घेऊन लोक जिन्यावर उभे. उपांत्य फेरीत इजिप्तला ३-०, अंतिम फेरीत हाँगकाँगला ३-०. हा चषक जिंकणारा पहिला आशियाई देश आपण. संघ: जोश्ना, अभय, वेलावन आणि सतरा वर्षांची अनाहत सिंग.

जोश्नाचं वय ३९. ऑक्टोबरमध्ये तिनं जपान ओपन जिंकली होती, आणि काल पहिला सामना तिचाच होता. पाय पूर्वीसारखे पळत नाहीत हे दिसतं. म्हणून ती आता चेंडू लवकर घेते, टप्पा पडायच्या आत, आणि टी सोडत नाही. ली का यीला तिनं चार गेममध्ये संपवलं, आणि त्यात तिसऱ्या-चौथ्या पावलाची गरज तिनं स्वतःला पडूच दिली नाही. अनाहत बाजूला बसून ते बघत होती. तिनं शेवटचा सामना तीन गेममध्ये मारला.

---

जुना_जिमखाना | १५ डिसेंबर २०२५

मीही पाहिला, नातवानं फोनवर लावून दिला. मॉलमध्ये स्क्वॉश! ज्या खेळासाठी आमच्या वेळी बाहेरच्या माणसाला क्लबाच्या फाटकातून आत सोडत नसत, तो बघायला काल तिकडे लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसली होती. अभिजितराव, तुम्ही पाहिलात का?

---

अभिजित_कोथरूड | १५ डिसेंबर २०२५

पाहिला काका. पूर्ण पाहिला. आता असंच कोर्ट पुण्यात कुठल्यातरी मॉलमध्ये आणि नंतर बालेवाडीत सामान्य मुलांसाठी कायमचं वेळापत्रक, यासाठी आम्ही काही जण क्रीडा खात्याला निवेदन देतोय. मसुदा तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी व्यनि करा.

---

सुनेत्रा_ठाणे | १६ डिसेंबर २०२५

माझी आणि लेकीची सही धरा. ती आता सतरा पूर्ण करेल, अनाहतच्याच वयाची. पीएसएचं सभासदत्व घेतलंय, पहिल्या चॅलेंजरमध्ये दुसऱ्या फेरीत हरली. कॉलेजचे अर्जही भरतेय. डावा गुडघा सरळ आहे.